सरावाचा आहेर

मंडळाचं कार्यालय रत्नागिरीत का आलं, हे रत्नागिरीकरांनाही नीट सांगता येत नसे. कारण तसं साधंच होतं. हिंदी महासागराच्या काठावरच्या नऊ देशांनी सायबर शांतता मंडळ काढलं खरं, पण एकाच्या राजधानीवर दुसऱ्याचा भरवसा नव्हता. पंधरा वर्षं मंडळाने पुण्यात भाड्याच्या दोन मजल्यांवर काढली. कायमच्या जागेसाठी दीड वर्ष घासाघीस झाली आणि शेवटी कुणीतरी नकाशावर अशा गावावर बोट ठेवलं, ज्याचं नाव नऊपैकी सात प्रतिनिधींनी ऐकलंच नव्हतं. ज्या गावाची काहीच माहिती नाही त्याच्यावर संशय तरी कसा घ्यायचा? ठराव एकमताने पास झाला आणि या फेब्रुवारीत समुद्राकडच्या टेकाडावर नऊ झेंडे लागले.

मुख्य तपासनीस हेमांगी पावसकर हिच्यासाठी मात्र हे माहेरी बदली झाल्यासारखं झालं. तिचे वडील मिरकरवाड्याच्या बंदरावर जाळी दुरुस्त करायचे. फाटलेलं जाळं हातात घेतलं की गाठ बघून सांगायचे, ही अमक्याची आहे, ही तमक्याची. माणूस कितीही सावध असला तरी गाठ मारताना हात आपल्या सवयीनेच वळतो, असं त्यांचं म्हणणं. हेमांगीने पुढे जे यंत्र उभं केलं ते याच एका वाक्यावर. कागदोपत्री त्याचं नाव भलंमोठं होतं, पण कार्यालयात सगळे त्याला ‘गाठ’च म्हणायचे.

गाठ करायची काय, तर प्रोग्रॅम लिहिणाऱ्याचा हात ओळखायची. प्रोग्रॅम लिहिणारा प्रत्येक जण आधी काय तपासायचं, चूक झाली तर कुठून माघार घ्यायची, एकच काम दोन वाटांनी होत असेल तर कुठली वाट धरायची, हे आपल्या नकळत ठरवत असतो. यंत्राच्या भाषेत उतरल्यावर तो मजकूर माणसाला वाचता येत नाही, त्याचे तुकडे झाले तर मुळीच नाही. पण या सवयी तुकड्यांतही उरतात. गाठीकडे अकरा हजार माणसांच्या लिखाणाचे नमुने होते. पंचाण्णव टक्क्यांवर जुळलं तर निकाल पक्का धरायचा, असं नऊ देशांनी करारात लिहून दिलं होतं. हा आकडा हेमांगीनेच सुचवला होता.

यंत्राइतकाच महत्त्वाचा होता बहात्तर तासांचा नियम. एका देशाची यंत्रणा कोलमडली आणि त्याचा शेजाऱ्यावर संशय आला, की दोन्हीकडच्या संपर्क अधिकाऱ्यांनी रत्नागिरीला यायचं, एकाच अतिथीगृहात राहायचं आणि दोन्ही वेळचं एकाच टेबलावर जेवायचं. बहात्तर तासांनी निकाल वाचला जाई. तोवर कुणी काही करायचं नाही. मात्र एक जरी अधिकारी उठून निघून गेला तर मुदत तिथेच संपली. मोठमोठ्या जागतिक संस्थांना महिनोन् महिने चर्चा करून जमलं नव्हतं ते या जेवणाच्या टेबलाने चार वेळा जमवलं होतं. शेजारी भांडले तर शेजाऱ्यांनीच त्यांना धरून बसवायचं, एवढीच त्यातली युक्ती.

पाचव्या वेळी प्रकरण पाण्यावर आलं.

मारेवा हा नव्वद हजार वस्तीचा बेटांचा देश. तिथे ना नदी, ना विहीर. समुद्राचं पाणी गोडं करणारी दोन केंद्रं, त्यावर सगळा देश जगतो. पंधरा तारखेला सकाळी दोन्ही केंद्रांतले पंप एकाएकी उलटसुलट दाबाने चालू लागले, गाळण्या फुटल्या आणि नळ कोरडे पडले. पहिल्या दिवशी लोकांनी शहाळी फोडली. दुसऱ्या दिवशी रुग्णालयातलं डायलिसिस बंद पडलं, कारण त्याला एका माणसामागे पिंपभर शुद्ध पाणी लागतं. त्यात सात जण गेले. मारेवाने तारिमा या शेजारी देशावर बोट ठेवलं. मासेमारीच्या हद्दीवरून दोघांचं वर्षानुवर्षं वाकडं होतं, त्यामुळे पुरावा हवा असं कुणाला वाटलंही नाही. मारेवाची सहा जहाजं तारिमाच्या दिशेने निघाली आणि बहात्तर तासांच्या नियमामुळे अर्ध्या वाटेत थांबली.

मारेवाचा संपर्क अधिकारी होता इद्रिस कमारू. हेमांगीचा बारा वर्षांचा मित्र. पुण्याच्या पहिल्या सरावात दोघांची ओळख झाली होती. महिनाभर मंडळाच्या खानावळीत जेवून त्याने तीन मराठी शब्द कमावले होते, पाणी, पुरे आणि अजून थोडं, आणि एवढ्यावर महाराष्ट्रात जन्म काढता येईल असं तो सगळ्यांना सांगत फिरायचा. यावेळी तो रत्नागिरीला आला तेव्हा मात्र हसला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याला फोन आला. गेलेल्या सात जणांत त्याची थोरली बहीण मरियम होती. आईच्या मागे तिनेच त्याला वाढवलं होतं.

हेमांगी धावत अतिथीगृहात गेली. तो खिडकीपाशी उभा होता. दफनाला जायचं तर टेबल सोडावं लागणार आणि टेबल सोडलं तर मुदत संपणार, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. तो गेला नाही. संध्याकाळी ठरल्या वेळी येऊन तारिमाच्या अधिकारी जोसेलिनबाईंसमोर बसला आणि भात चिवडत राहिला. जोसेलिनबाई पन्नाशीच्या, बोलायला फटकळ. पण त्या दिवशी त्यांनीही ताटाला हात लावला नाही.

निकालाच्या दिवशी सकाळी नऊ वाजून वीस मिनिटांनी आदिल होडेकर हेमांगीच्या खोलीत आला. आदिल गाठ चालवणारा मुख्य अभियंता, आठ वर्षं तिच्या हाताखाली काम केलेला. एरवी दारातूनच बोलायला सुरुवात करणारा माणूस, पण आज आत येऊन त्याने आधी दार लावून घेतलं.

“मॅडम, निकाल आलाय. पण तुम्ही एकदा बघून घ्या. मशीन चुकलं असणार.”

“किती टक्के?”

“सत्त्याण्णव.”

“मग नाही चुकलं,” हेमांगी म्हणाली. “कोण आहे?”

त्याने हातातला कागद टेबलावर ठेवला आणि तो भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत उभा राहिला. कागदावर एकच नाव होतं. हेमांगी दत्ताराम पावसकर.

तिने ते तीनदा वाचलं. आधी तिला हसू आलं, मग आठवलं. यंत्र तयार होत होतं तेव्हा पहिला नमुना तिने स्वतःचाच दिला होता, कुठेतरी सुरुवात करायची म्हणून. तिने आदिलला सांगितलं, माझा नमुना बाजूला काढ आणि पुन्हा चालव. पाऊण तासाने दुसरा निकाल आला. उरलेल्या माणसांपैकी एकाशीही दहा टक्क्यांवर जुळत नव्हतं.

आदिल चाचरत म्हणाला की कुणीतरी तुमच्या हाताची नक्कल केली असेल. नक्कल करता येत नाही, हे तिनेच नऊ देशांच्या तज्ज्ञांना सात दिवस पटवून दिलं होतं. आता आपल्या नावापुरतं ते खोटं म्हणायला तिची जीभ रेटेना. ती डोकं धरून बसली. आपण केव्हा लिहिलं हे? कशासाठी? आणि मग तिला पुण्यातली ती लाल फीत आठवली.

मंडळाची एक रीत होती. दर वर्षी सराव व्हायचा आणि त्यात प्रत्येक देशाच्या माणसाने ज्याच्याशी सर्वांत जास्त मैत्री असेल त्याच्यावरच लटका हल्ला करायचा. ज्याचं घर आपल्याला ठाऊक, त्याच्या घराची कच्ची दारं आपल्यालाच कळणार, असा त्यामागचा विचार. सराव संपला की हल्ला करणाऱ्याने आपला प्रोग्रॅम पाकिटात घालून, वर लाल फीत बांधून, समोरच्याला द्यायचा, म्हणजे त्याला दारं दुरुस्त करता यावीत. हेमांगीनेच त्याला सरावाचा आहेर असं नाव पाडलं होतं आणि नऊ भाषांतली माणसं ‘आहेर’ म्हणायला शिकली होती. पहिल्याच वर्षी, महिन्याभरात जमलेल्या मैत्रीवर, तिने इद्रिसच्या पाणीकेंद्राच्या नमुन्यावर हल्ला लिहिला होता आणि फीत बांधून त्याच्या हातात दिला होता. टाळ्यासुद्धा वाजल्या होत्या.

आदिलने जुन्या सरावांची नोंद काढली, तो प्रोग्रॅम आणि मारेवाहून आलेले तुकडे शेजारी शेजारी ठेवले. तुकडा न् तुकडा बसला. कुणी एक अक्षर बदललेलं नव्हतं.

पुढचं सगळं तिला कागदांतून मिळालं, आणि प्रत्येक कागद आधीच्यापेक्षा वाईट होता. प्रत्येक देशाने वर्षातून एकदा घरच्या घरी सराव करून मंडळाला प्रमाणपत्र पाठवायचं असतं. मारेवाकडे सरावासाठी वेगळं नमुना-केंद्र उभारायला पैसे नव्हते. ते बिचारे दर वर्षी खऱ्या केंद्रावरच तो आहेर चालवत, आणि तसं अहवालात तळटीप देऊन प्रामाणिकपणे लिहीतही होते. ती तळटीप बारा वर्षांत रत्नागिरीत, पुण्यात, कुठेच कुणी वाचली नव्हती. तरी कधी काही बिघडलं नाही, कारण हेमांगीने प्रोग्रॅममध्ये लगाम ठेवला होता. दर तासाला तो मंडळाच्या पुण्याच्या सर्व्हरला विचारायचा, सराव संपला का? सर्व्हर म्हणायचा, संपला. की तो स्वतःला पुसून टाकायचा.

आणि उत्तरच आलं नाही तर? तेव्हा हेमांगी चाळीस वर्षांची होती आणि स्वतःच्या हुशारीवर बेहद्द खूश होती. बचाव करणारा नेटवर्कच तोडून टाकेल आणि आपला हल्ला फुकट जाईल, म्हणून तिने लिहून ठेवलं होतं की दहा दिवस वाट बघायची आणि अकराव्या दिवशी पूर्ण ताकदीने पुढे जायचं.

पुण्याचा तो सर्व्हर फेब्रुवारीत बंद झाला. रत्नागिरीला निघताना एक्केचाळीस जुनी यंत्रं मोडीत काढली, त्या यादीवर सही हेमांगी पावसकर हिची होती. मारेवाच्या सरावाची तारीख होती चार. चारात अकरा मिळवले की पंधरा.

आणि सराव चारलाच का झाला, हेही तिला माहीत होतं. तीन तारखेला तिनेच इद्रिसला फोन केला होता. “तुझं प्रमाणपत्र राहिलंय रे,” असं म्हणाली होती, “यादीत तुझ्याच नावापुढे लाल खूण दिसते, बरं नाही वाटत.” उद्याच करतो, असं तो म्हणाला होता. मग मरियमच्या तब्येतीबद्दल पाच मिनिटं बोलले होते.

आदिलने तिला पाणी आणून दिलं. तिने ग्लासकडे पाहिलं आणि तो दूर सरकवला.

अकरा वाजता ती महासचिव लुईझा माशावांकडे गेली. लुईझाबाईंनी मंडळासाठी हयात घालवली होती. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग त्यांनी शांतपणे सांगितलं की निकाल अनिर्णित म्हणून वाचायचा. मुख्य तपासनीसाचंच नाव निघालं तर उद्यापासून या मंडळाचं कोण ऐकणार? तारिमा म्हणेल यांचं यंत्र खोटं, मारेवा म्हणेल यांनीच मारलं, आणि सहावं भांडण येईल तेव्हा धरून बसवायला टेबलच उरणार नाही.

“अनिर्णित वाचला तर साडेतीनला जहाजं निघतील,” हेमांगी म्हणाली.

“मग एवढंच वाच की हात तारिमाचा नाही.”

“इद्रिस विचारेल, मग कुणाचा. आणि मी गप्प बसले तर तो समजेल की मी तारिमाला झाकते आहे.”

लुईझाबाईंनी चष्मा पुन्हा घातला. “तुला कळतंय ना, तू त्याला काय सांगणार आहेस?”

हेमांगीला ते सकाळी साडेदहापासून कळत होतं. स्वतःच्या नावाचं तिला भय वाटत होतंच, तिथे खोटं कशाला बोला. तीस वर्षांची अब्रू एका ओळीत जाणार होती. पण त्याहून मोठं भय दुसरंच होतं. इद्रिसला अजून शत्रू होता. त्या रागाच्या आधारावर तो तीन दिवस उभा होता. तीन वाजता ती त्याच्याकडून तो शत्रू काढून घेणार होती आणि त्या जागी ठेवणार होती सराव चालू करणारं त्याचंच बोट.

एक वाजता जेवण. तपासनीसानेही शेवटच्या दिवशी त्या टेबलावर बसायचं, अशी रीत. निकाल आधी कुणाला सांगायचा नाही, हाही नियम. खानावळीच्या शिवलकरांनी सुरमई तळली होती. पाहुणे रागावलेले असले की हा माणूस जास्त चांगलं रांधतो, अशी त्याची ख्याती होती. त्याने हेमांगीच्या ताटाकडे पाहून विचारलं, “काय गो, मीठ जास्त झाला काय?” ती नाही म्हणाली. त्याला पटलं नाही.

जोसेलिनबाई खाली मान घालून जेवत होत्या. इद्रिसने पोळीचा तुकडा मोडला आणि तसाच हातात धरून ठेवला.

“हेमांगी, मला आत्ता सांगू नकोस,” तो म्हणाला. “तुझा नियम मोडायचा नाही मला. फक्त नाव असेल ना तिथे? माणसाचं नाव?”

“असेल.”

“पुरे,” तो मराठीत म्हणाला. मग इंग्रजीत पुढे बोलला, “देशाचा राग धरून माणूस थकतो. एक नाव मिळालं की मला झोप लागेल.”

तिला वाटलं की आत्ताच त्याचा हात धरावा आणि बाहेर नेऊन सगळं सांगून टाकावं. पण बाहेर नेलं तर तो टेबलावरून उठला असं होणार होतं, आणि जहाजांना तेवढंच निमित्त हवं होतं. आपल्याच मंडळाचा नियम तिच्या गळ्याशी आला होता. ती उठून हात धुवायला गेली आणि बेसिनचा नळ सोडून नुसतीच उभी राहिली.

तीन वाजता नऊ देशांच्या खुर्च्या भरल्या. इद्रिससमोर आणि जोसेलिनबाईंसमोर एकेक फोन होता, थेट त्यांच्या सरकारांकडे जाणारा. हेमांगी उभी राहिली. निकालाचा कागद तिने आदिलला छापू दिला नव्हता, हाताने लिहिला होता. लुईझाबाई तिच्याकडे न बघता समोर बघत होत्या.

“मारेवाच्या पाणीकेंद्रांवर चाललेला प्रोग्रॅम तारिमाच्या कुणाही माणसाने लिहिलेला नाही,” तिने वाचलं. “सत्त्याण्णव टक्के खात्रीने तो हात हेमांगी दत्ताराम पावसकर हिचा आहे.”

भाषांतर कानात उशिरा पोचलेली माणसं एकेक करून मान वर करत होती. जोसेलिनबाईंनी कानातलं यंत्र काढून तपासलं आणि पुन्हा घातलं.

निकालानंतर ज्याचं नाव निघेल त्याला एक प्रश्न विचारायचा असतो, आणि तो मुख्य तपासनीसाने विचारायचा असतो. हेमांगीला ते आठवलं आणि आता काय करायचं ते तिला सुचेना. तेवढ्यात लुईझाबाई उठल्या. त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता.

“हा हात तुमचा आहे का?”

“माझा आहे.”

इद्रिस तिच्याकडे बघत होता. त्या नजरेत अजून राग नव्हता. हिशेब न जुळलेल्या माणसासारखा तो गोंधळला होता.

“कधी लिहिलंस?” त्याने विचारलं.

“बारा वर्षांपूर्वी. पुण्यात.” तिला वाटलं होतं आपला आवाज फुटेल, पण तो कोरडा आला. “लाल फीत बांधून तुला दिला होता. त्याला थांबवणारा सर्व्हर फेब्रुवारीत बंद झाला, सही माझी आहे. उत्तर आलं नाही तर अकराव्या दिवशी पुढे जा, हेही मीच लिहिलं होतं.”

तिने तारीख उच्चारली नाही. चारला बटण कुणी दाबलं, हे तिने सांगितलं नाही. गाठ हात सांगते, बोट सांगत नाही, आणि करारात तेवढंच मागितलेलं होतं. पण इद्रिस चांगला अधिकारी होता. त्याने टेबलाखाली बोटं मोजायला सुरुवात केली, हे तिला त्याच्या खांद्यांवरून दिसलं. चार, पाच, सहा. मोजणं कुठे संपलं तेही दिसलं, कारण खांदे थांबले.

तारिमाच्या खुर्चीवरून आता ओरडा व्हायला हवा होता. तीन दिवस खुनी म्हणवून घेतलेल्या देशाला तेवढा हक्क होता. पण जोसेलिनबाईंनी हात लांब करून इद्रिसचा फोन उचलला, सरळ केला आणि हळूच त्याच्यासमोर ठेवला. भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजून अकरा मिनिटं झाली होती.

इद्रिसने फोन कानाला लावला. तो त्याच्या भाषेत बोलला आणि भाषांतर करणाऱ्या मुलीने सवयीने ते सगळ्यांच्या कानात घातलं. तारिमा नाही, असं तो सांगत होता. जहाजं मागे बोलवा. पलीकडून कुणीतरी खूप वेळ बोललं. तो ऐकत राहिला आणि मग म्हणाला, “हो, माझी खात्री आहे. कारण तो सराव मी चालवला होता.” पलीकडून पुन्हा काहीतरी विचारलं गेलं. “हो, त्या सातही जणांना,” तो म्हणाला, “मरियमलासुद्धा.” भाषांतर करणारी मुलगी इथे थांबली.

त्याने फोन जागेवर ठेवला. आता तो उठेल, खुर्ची फेकेल, आपल्या अंगावर धावून येईल असं हेमांगीला वाटलं, आणि तसं व्हावं असंही वाटलं. तो बसूनच राहिला. मारेवाच्या किनाऱ्यापासून दूर कुठेतरी सहा जहाजं वळू लागली होती. या टेबलाने पाचव्यांदाही आपलं काम केलं होतं.

मग इद्रिसने मान वर केली. ओठ सुकून पांढरे पडले होते. त्याने खोलीभर नजर फिरवली आणि ती शेवटी तिच्यापाशीच आणली.

“पाणी,” तो मराठीत म्हणाला.

पाण्याचा जग हेमांगीच्याच हाताशी होता. तिने तो उचलला आणि दोन्ही हातांनी धरून ग्लास भरला. थोडं पाणी निकालाच्या कागदावर सांडलं. ग्लास भरल्यावर तो त्याच्यापुढे कसा धरायचा हे तिला कळेना.